बाहेरचे टाके

बाळ आडवं होतं. तिसरं बाळंतपण,
प्रणिता तारी, खाट नंबर चार.
डॉक्टर म्हणाले, पोट उघडायला हवं, तासाभरात.
सासरा म्हणाला, देवाक इचारूक होया.
आणि देवगडच्या उन्हात रिक्षा
खाडीचा पूल ओलांडून रवळनाथाकडे निघाली.
नवरा पुढे, ड्रायव्हरला चिकटून, मांडीवर नारळ.

मला तो कौल माहीत आहे.
काळ्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर
गुरव ओले कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो,
प्रत्येक वाक्याला सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा,
मग कोणी खोकतसुद्धा नाही.
उजवा पडला तर हो. डावा पडला तर नाही.
माझ्या वडलांची विहीर अशीच खणली, पाणी लागलं.
माझं लग्न असंच ठरलं.
म्हणून मला हसू येत नाही कौलाचं.
फक्त त्या दुपारी वाटत होतं,
ज्या पोटाबद्दल तिकडे विचारताहेत
ते इथे आहे, सात किलोमीटर अलीकडे,
पत्र्याच्या खाटेवर, कुशीवर वळलेलं.

"खंय गेले सगळे?" तिने विचारलं.
मी सांगितलं.
एक कळ येऊन जाईपर्यंत ती काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"देव माझो पण आसा.
माका कोणी इचारूक नाय."

संमतीपत्रावर खाली दोन रेघा असतात:
पतीची सही.
पती हजर नसल्यास वडीलधाऱ्यांची.
तिचं नाव वरती, रुग्ण म्हणून,
वय आणि वजनाच्या शेजारी.
मी 'पतीची' खोडलं, वर लिहिलं 'स्वतःची',
पाठीखाली हात घालून तिला उठवलं.
सातवीपर्यंतचं अक्षर. प्र दोनदा काढला,
पहिला कळेत वाकडा गेला होता.
डॉक्टरांनी सही बघितली, मला बघितलं,
आणि हात धुवायला गेले.

तीन वीसला चीर.
मुलगी. दोन किलो सहाशे. उशिरा रडली, पण रडली.
चार वाजून गेल्यावर रिक्षा आली,
सासरा फाटकातूनच ओरडला, उजवो दिल्यान!
सासूने पिटकोळीचा तो ओला कळा
सुनेच्या केसांत खोचला, डोळे पुसले.
घड्याळाकडे कोणी बघितलं नाही.
मीही दाखवलं नाही.
कळा खाली पडला तेव्हा नात
दुपट्यात गुंडाळून झोपली होती.

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याचदा सांगितली आहे.
नव्या मुली ट्रेनिंगला येतात, त्यांना आवडते.
खोडलेल्या शब्दापाशी त्या टाळ्या वाजवतात.

मधलं सांगत नाही.
तीन वीस आणि चारच्या मधलं.
गर्भाशय शिवून झालं होतं, डॉक्टर म्हणाले,
तीन झाल्या ना, आता पुरे. धागा द्या.
कमरेखाली बधिर होती ती, वर जागी.
हिरव्या पडद्याच्या पलीकडे तिचं तोंड,
माझ्यापासून दीड हातावर,
मुलीला पुसताना टक लावून बघणारं.
विचारायला मान वळवावी लागली असती, इतकंच.
तिथे गुरव नव्हता. नारळ नव्हता.
मी म्हटलं, हो सर.
धागा दिला.
उजवी नळी. मग डावी.

रजिस्टरात संमतीचा रकाना असतो.
मी लिहिलं, घेतली.

आठव्या दिवशी ती टाके काढायला आली.
फाईलच्या प्लास्टिकमध्ये कळा होता, सुकून तपकिरी झालेला,
सासूने जपून ठेवायला सांगितलेला.
पोटावरची पट्टी मी हळूच सोडवली.
ती मान उचलून बघत होती.
"किती टाके घातल्यात, सिस्टर?"

मी बाहेरचे मोजून सांगितले.